शिक्का नंबर सतरा

३ नोव्हेंबर

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हो हो करतोस आणि ठेवून देतोस, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं.

आधी कबुली. तीन वर्षं तुला सांगत आले की घोट्याला खरूज आहे. ती खरूज नाही, जखम आहे. सुरुवातीला बटणाएवढी होती, आता तळहाताखाली झाकत नाही. लॉन्ड्रीत सव्वीस वर्षं इस्त्रीच्या टेबलाशी उभी आहे, पायांनी तरी किती सोसायचं? डॉक्टरबाई म्हणाल्या, शिरेतल्या झडपा निकामी झाल्यात. रक्त वर चढतं, पुन्हा खाली घसरतं आणि घोट्याशी साचतं. आतून ओल असल्यावर वरून कितीही मलम चोपडा, काय उपयोग! तुझ्यापासून लपवलं, कारण लाज वाटायची. वास येतो रे त्याला. मी खिडकीजवळचं टेबल मागून घेतलं ते काही वाऱ्यासाठी नव्हे.

आता गंमत ऐक. नवीन झडप निघाली आहे. तारेच्या जाळीत शिवलेली, करंगळीपेक्षा थोडी जाड. मांडीच्या शिरेतून आत सारतात, तिथे ती उघडते आणि रक्ताला मागे फिरू देत नाही. अजून थोड्याच जणांना बसवतायत. मी सगळं वाचून सही केली. डबी दाखवली तर तिच्यावर तुझ्या कारखान्याचं नाव! मग काय, कपाटातल्या सगळ्या डब्या काढायला लावल्या आणि तुझा सतरा नंबरचा शिक्का शोधून काढला. डॉक्टरबाई हसल्या, म्हणाल्या की माप जुळतंय, तर घ्या भावाच्याच हातची. डबीवर तारीख आहे अकरा मार्च. चोवीस तारखेला ऑपरेशन.

मंगळवारी ड्रेसिंगला येणाऱ्या बायकांना सगळं सांगून झालंय. बाकावर माझ्या शेजारी एक कंडक्टरबाई बसतात, त्यांचाही पाय असाच. त्या म्हणाल्या, नशीबवान आहात. मी म्हटलं, हाच भाऊ लहानपणी आरशात स्वतःला बघून दचकायचा आणि आता माणसांच्या शिरा तपासतो. शिरा नाही, झडपा, असं तू म्हणशील. तेच ते.

भावजयीला आशीर्वाद. तुझ्या ताईवर आहे ती माया ठेव आणि यावेळी उत्तर लिही.

तुझी ताई

८ नोव्हेंबर

ती. ताईस बारक्याचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. जखमेचं वाचून फार वाईट वाटलं. पण ताई, एवढी घाई कशाला? वस्तू नवीन आहे. वर्षभर दुसऱ्यांना बसवून होऊ दे, मग बघू. तोवर घट्ट पायमोजे घाल, झोपताना पाय उंच ठेव. अनुभवी माणसं सांगतात की त्यानेही पुष्कळ फरक पडतो. डॉक्टरांना नवं काही मिळालं की हात शिवशिवतात, तू कशाला पुढे पुढे करतेस?

आणि एक विनंती. त्या बाकावर माझे गोडवे गाऊ नकोस. मी एक साधा तपासनीस आहे. इथे माझ्यासारखे वीस जण आहेत.

ऑपरेशन पुढे ढकललंस की लगेच कळव. इकडे सगळं ठीक. कामाच्या गडबडीत आहे म्हणून थोडक्यात लिहितो. राग नसावा, लोभ असू दे.

तुझा बारक्या

१२ नोव्हेंबर

चि. बारक्यास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पायमोजे घाल म्हणे! तीन वर्षं मी काय हातमोजे घालत होते?

मनात आहे ते लिहूनच टाकते, म्हणजे सुटेन. तुझ्या लग्नात तू मला मागच्या खोलीत बसवलंस. ताई, तुझे पाय दुखतील, आत बस, असं म्हणालास. तुझ्या सासरची माणसं यायच्या आधी आत दोन उदबत्त्याही लावून गेलास. मी खरूज सांगितली होती, पण तुझ्या नाकाला खरं कळलं होतं.  बाहेर हसण्याचे आवाज येत होते आणि मी पाय साडीखाली ओढून बसले होते. मीच लपवत होते, तर तू लपवलंस म्हणून रागवायचं कुठल्या तोंडाने?

पण आता बरी व्हायची वेळ आली, तर तुला त्याचीही लाज वाटते? बहिणीची चारचौघांत वाच्यता नको, असंच ना? मग ऐक. ऑपरेशन चोवीसलाच होणार आणि तुझ्या शिक्क्याचीच झडप बसणार. तुला आवडो न आवडो.

उत्तर नाही आलं तरी चालेल. माया मात्र माझी आटणार नाही, तेवढं कळू दे.

ताई

१५ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही.

लग्नातलं तू लिहिलंस ते खरं आहे. उदबत्त्या मीच लावल्या. त्याची माफी मागायला दुसरं पत्र लागेल. पण ऑपरेशन थांबव म्हणालो ते तुझ्या पायाची लाज वाटून नव्हे. मला माझीच लाज वाटते.

आमच्या झडपेचे पडदे जनावराच्या पातळ कातड्यासारख्या आवरणाचे असतात. ते कायम ओले ठेवायचे. भिंगाखाली तपासतानाही दर दोन मिनिटांनी पाणी मारायचं. एकदा वाळले की संपलं. पुन्हा भिजवल्यावर दिसायला मऊ दिसतात, पण आत तडे गेलेले असू शकतात आणि ते भिंगातूनही दिसत नाहीत. अशी झडप टाकून द्यायची, हा आमच्याकडचा पहिला नियम. नवीन येणाऱ्यांना तो मीच शिकवतो.

अकरा मार्चला माझ्या समोरच्या ताटात बारा झडपा होत्या. माझी गादीवाली खुर्ची शेजारच्या विभागातल्या एकाने उचलून नेली होती. ती आणायला गेलो आणि भांडत बसलो. पाच मिनिटांत येतो म्हणून ताटावर झाकणही ठेवलं नव्हतं. परत आलो तेव्हा अर्धा तास झाला होता. पडद्यांच्या कडा वळल्या होत्या. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी ताटात पाणी ओतलं. थोड्या वेळाने त्या पहिल्यासारख्या दिसायला लागल्या. पाण्याच्या चाचणीतही बाराच्या बारा पास झाल्या. मी शिक्के मारले. खुर्चीसाठी, ताई. तू सव्वीस वर्षं उभी राहिलीस, त्यातून माझी फी भरलीस, आणि मी खुर्चीसाठी भांडत होतो.

झडप बसली तर चालेलही. नाही तर वर्षा-दोन वर्षांत फाटेल, कदाचित गुठळी होईल. मला खरंच माहीत नाही. म्हणून एक कर. डॉक्टरबाईंकडून दुसरी डबी माग. स्वप्न पडलं म्हण, काहीही सांग. पण खरं कारण कुणाला बोलू नकोस. नोकरी जाईल, आणि तुझ्या भावजयीला सातवा महिना आहे. बाकीच्या डब्यांचं मी काहीतरी बघतो.

फोनवर हे तोंडातून निघालं नसतं. पत्र वाचून जाळून टाक. लोभ कुठल्या हक्काने मागू?

बारक्या

२१ नोव्हेंबर

चि. बारक्यास,

तुझं पत्र मी जाळलं नाही. का, ते सांगते.

सोळाला मिळालं, सतराला मी डॉक्टरबाईंकडे गेले. तू शिकवलंस तसं दुसरंच कारण दिलं. म्हटलं, भावाच्या हातची वस्तू घ्यायला मन कचरतंय, काही बरंवाईट झालं तर त्याला जन्मभर लागेल. बाईंना ते पटलं. इतकं सहज खोटं मला बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. लगेच दुसरी डबी मिळाली. जिना उतरताना हलकं वाटत होतं, आणि त्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

काल वीस तारीख. कंडक्टरबाईंचं ऑपरेशन होतं. त्यांना धीर द्यावा म्हणून सकाळी गेले, तर माझा हात धरून म्हणाल्या की तुम्ही सोडलेली डबी मी मागून घेतली. तुम्ही एवढं कौतुक करता, मग म्हटलं तुमच्या भावाचाच हात लागू दे. माप सारखंच होतं. त्या हसत होत्या. त्यांची मुलगी मला खाली वाकून नमस्कार करायला लागली. मी तिला करू दिला, बारक्या.  कंडक्टरबाईंना आत नेण्यासाठी गाडी आली, गाडीचं चाक दाराला अडलं, तेवढ्यात मी धावले. असल्या पायाने धावले. पिशवीतून तुझं पत्र काढलं आणि डॉक्टरबाईंच्या हातात दिलं.

त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. ऑपरेशन थांबवलं.   कंडक्टरबाईंनी मला विचारलं की तुम्हाला कधीपासून माहीत होतं. मी खरं सांगितलं, चार दिवस. त्यांनी तोंड फिरवलं.

तुझी नोकरी मी घालवली. भावजयीसमोर उभं राहायचं धाडस नाही. पण तू म्हणालास, बाकीच्या डब्यांचं बघतो. मार्चपासून काय बघितलंस रे? रागावून नाही विचारत. चार दिवसांत मी स्वतः काय होऊन बसले ते बघितलं, म्हणून विचारते.

आशीर्वाद तर आहेतच. ते काय मागे घेता येतात?

ताई

६ डिसेंबर

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र यायच्या आधी मी स्वतःच साहेबांकडे गेलो होतो, असं लिहायचा मोह झाला. नव्हतो गेलो. त्यांनीच बोलावलं, त्यांच्या हातात माझ्या पत्राची नक्कल होती. मग मात्र सगळं कबूल केलं. कामावरून कमी केलं आहे, चौकशी चालू आहे. घरी सांगितलं. सकाळी ही म्हणाली की ताईंनी केलं ते बरं केलं.

बारापैकी अकरा डब्या परत आल्या. एक मे महिन्यात बसवली गेली होती, तुमच्याच दवाखान्यात. सलूनमध्ये दिवसभर उभं राहून केस कापणारे एक काका आहेत. परवा त्यांना तपासणीला बोलावलं होतं. मला कुणी जा म्हटलं नव्हतं, पण गेलो. सध्या झडप नीट चालते आहे, दर दोन महिन्यांनी बघावी लागेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. पुढचं कुणीच सांगू शकत नाही.

काका बाहेर बाकावर बसले होते. झडप तपासली जाते आहे एवढंच त्यांना माहीत होतं, कशासाठी ते डॉक्टरबाई आत बोलावून सांगणार होत्या. मी कारखान्यातला आहे असं म्हणताच ते खुलले. विजार गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाय पुढे केला. घोट्याशी नवी गुलाबी कातडी आली होती. म्हणाले, बघा, सात वर्षांनी भरली, तुमच्या लोकांचे फार उपकार आहेत. आणि त्यांनी मला हात जोडले.

मी त्यांचे हात खाली घेतले आणि सगळं सांगितलं. तारीख, ताट, खुर्ची, सगळं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी विजार हळूहळू खाली ओढली, पाय बाकाखाली घेतला आणि जरा सरकून बसले. मला जागा द्यायला सरकले की माझ्यापासून लांब, ते मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. त्यांना आत बोलावेपर्यंत मी तसाच उभा राहिलो.

चोवीसचं तुझं ऑपरेशन नीट झालं हे डॉक्टरबाईंकडूनच कळलं. तू लिहिलं नाहीस, आणि मला विचारायचं तोंड नाही. जमेल तेव्हा दोन ओळी लिही.

तुझा बारक्या