तिरक्या भिंतींच्या घराची व्यवस्था

मी, वय वर्षे शहात्तर, मुक्या चित्रपटांच्या काळापासून पडद्यावरची घरे, महाल, तुरुंग आणि एकदा तर अख्खे बंदर उभारणारा कारागीर, हे मृत्युपत्र स्वहस्ते, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. धाकटीचे मत थोडे वेगळे पडले, पण तिने हरकत घेतलेली नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसे दाखवलेच, तर तो देखाव्यातला कागद समजावा.

१. घर माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीचे आहे. ते थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मे निम्मे. घरातला दोष सर्वांना ठाऊक असला तरी नोंदवतो. देखाव्याच्या खोलीला तीनच भिंती असतात. चौथ्या बाजूला कॅमेरा. बाजूच्या दोन भिंती पुढे फाकवून उभ्या करायच्या, म्हणजे दोन्ही चित्रात येतात. वीस वर्षे हेच केल्यावर स्वतःचे घर आखताना माझ्या हाताला काटकोन सुचलाच नाही. पुढची खोली दाराशी रुंद आणि मागे अरुंद झाली. कपाट कोपऱ्यात बसेना. त्याच्यामागे त्रिकोणी फट राहिली. "या घरात कपाटसुद्धा रुसून बसतं," असे मुलांची आई म्हणायची, आणि त्या फटीत साखरेचा डबा लपवायची. मुलेही लपाछपीत तिथेच लपत. डबा कसा रिकामा होतो, हे तिला शेवटपर्यंत कोडे होते.

थोरला आता बांधकामे घेतो. "बाबा, भिंत पाडून सरळ करतो, आठ दिवसांचं काम," असे दर भेटीत म्हणतो. त्याचे बरोबर आहे. तरी कलम चार वाचल्याशिवाय त्याने हातोडा उचलू नये.

२. करवती, रंधे, ब्रश आणि सरस शिजवायचे भांडे सुताराला द्यावे. माझी प्रत्येक भिंत त्याने ठोकली. शिडीही त्यालाच. तिची तिसरी पायरी सैल आहे, ती त्यानेच बसवली आहे.

३. शाळेतले कवितांचे पुस्तक, शिवण सुटलेले, धाकटीला. गुरुजींनी चालीवर शिकवलेल्या कविता मी भिंती रंगवताना म्हणत असे. कडवी विसरलो, चाली राहिल्या. समासात माझ्याही ओळी आहेत. तिने हसावे, पण खोडू नयेत. त्यातल्या दोन ओळी मी प्रत्येक देखाव्याच्या पाठीमागे, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा जागी, खडूने लिहीत असे:

भिंत कापडी, दार उगाचे,
ऊन तेवढे खऱ्या जगाचे.

४. आमचा कॅमेरेवाला. आम्ही सतरा वर्षे बरोबर काम केले. देखाव्याला छत नसे. वर पातळ कापड ताणलेले, उजेड उन्हाचा. खिडकीची सावली मी भिंतीवर रंगवूनच ठेवायचो, सकाळी दहाच्या हिशेबाने. नटमंडळी उशिरा उगवत आणि हा ओरडे, "तुझी सावली दहाची, माझं ऊन एकचं! लोकांनी विश्वास कुणावर ठेवायचा?"

हे घर झाले तेव्हा त्याला हौसेने बोलावले. तो दारात उभा राहिला, बोटांची चौकट करून आत पाहिले आणि चारचौघांत म्हणाला, "वा! कॅमेऱ्यासाठी फार छान बांधलंस. माणसं कुठे राहणार?"

सगळे हसले. मुलांची आईही हसली. मी त्याला आल्या पावली परत पाठवले. त्यानंतर एकतीस वर्षे आम्ही बोललो नाही. तो बरोबर होता, हे कपाट आले त्याच दिवशी मला कळले होते. बाकीचा सगळा हट्ट.

तो आता तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो आणि त्याचे गुडघे गेले आहेत, असे सुताराकडून कळते. सबब पुढच्या खोलीत त्याला तहहयात राहण्याचा हक्क देत आहे. तोवर भिंत आहे तशीच राहील. नंतर थोरल्याने खुशाल सरळ करावी.

येथवर काल लिहिले. साक्षीदार म्हणून सही करायला ये, असा निरोप त्यालाच धाडला होता. येईल असे वाटले नव्हते. आज सकाळी तो आला आणि त्याच दारात उभा राहिला. वकील म्हणाले, "ज्यांना काही मिळतंय त्यांनी साक्षीदार होऊ नये. सही किंवा खोली, एक काय ते ठरवा."

त्याने चष्मा कपाळावर सरकवून कलम चार दोनदा वाचले.

"म्हणजे तू मरेपर्यंत मी तिकडे जिने चढत बसू?"

"मग काय करू?"

"सही दुसऱ्या कुणाची घे. मी ट्रंक आणतो."

"काका, आधी बसा तरी," धाकटी म्हणाली. थोरला हातात टेप घेऊन कोपऱ्यात उभाच होता. "भिंत राहू द्या," तो म्हणाला. "काकांना मी कपाटच तिरकं करून देतो." एकतीस वर्षांत हे कोणालाही सुचले नव्हते.

कॅमेरेवाला खुर्चीत बसला. बराच वेळ भिंतीवरचे ऊन पाहत होता. मग, माझ्याकडे न बघता, "ऊन तेवढे खऱ्या जगाचे," असे चालीवर म्हणाला. देखाव्यांच्या पाठीमागे तो कधी गेला होता, मला माहीत नाही.

तरी कलम चारमधील हक्क माझ्या मरणानंतर नव्हे, आजपासून सुरू झाला असे समजावे. बाकी सर्व कलमांना घाई नाही. त्यांची अंमलबजावणी धाकटीने करावी.

सही: लिहून देणार

साक्षीदार: १. डॉक्टर (दाखला देणारे तेच). २. शेजारच्या शिक्षिका. दोघांनाही यातून काही मिळत नाही, याबद्दल दिलगीर आहे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली. तारीख वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे.

वेळ: सकाळचे दहा. खिडकीची सावली जागच्या जागी.