तुला जंबो म्हणायचे तेव्हा

आये, काल सुकापूरच्या शाळेत सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, जंबो हा शब्द आला कुठून?" इतकी वर्षं इंग्रजी शिकवतेय, पण उत्तर येईना. उद्या सांगते म्हणून वेळ मारून नेली आणि घरी येऊन शोधत बसले.

जंबो हे एका हत्तीचं नाव होतं. आफ्रिकेत शिकाऱ्यांनी त्याच्या आईला मारलं आणि पिल्लाला धरून नेलं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तो वर्षानुवर्षं पोरांना पाठीवर घेऊन फिरला, मग अमेरिकेतल्या सर्कसवाल्याला विकला गेला, शेवटी आगगाडीच्या धडकेने मेला. त्याच्यावरून विमानापासून कोळंबीपर्यंत जे दांडगं ते जंबो झालं. नावाचा मूळ अर्थ नक्की कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं, तिकडच्या एका भाषेत मुखियाला तसलाच शब्द आहे. पण हत्तीच्या आधीही इंग्रज लोक बेढब, अवजड माणसाला जंबो म्हणत, असंही सापडलं. तिथे मी वाचणं थांबवलं.

डोळ्यांपुढे आलं ते असं: मी आठवीत आहे. मच्छीबाजारात माशांची पाटी शेजारणीवर सोपवून तू माझा डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी येतेस. पोरी खिदळतात, "जंबो आली, जंबो!" तू मला बाजूला घेतेस. "जंबो म्हंजे काय गो?" मी पटकन सांगते, "मोठी बाई. मानाची." तू इतकी खूश होतेस की मला तुझ्याकडे बघवत नाही.

मामाच्या मुलाच्या हळदीत तू सगळ्या बायकांना सांगितलंस, "माजे पोरीचे शालेन मना जंबो बोलतान." तिथवर ठीक होतं. पालकसभेत बाईंनी नाव विचारलं, तर तू हसून म्हणालीस, "जंबोच बोला, सगली तेच बोलतान." वर्ग खदखदला. मीही हसले, सगळ्यांपेक्षा जोरात. तू फक्त माझ्याकडे पाहिलंस आणि पदर सावरून खाली बसलीस. दुसऱ्या दिवसापासून डबा शिपायाकडे ठेवून परस्पर जाऊ लागलीस. तुझ्या तोंडाला अख्खा बाजार टरकून असायचा, पण मला तू एका शब्दाने बोलली नाहीस. त्याची लाज मला अजून वाटते.

आज वर्गात हत्तीची गोष्ट सांगितली, तुझी नाही. हे पत्र पाठवू तरी कुठे? तुला वाटलं असेल, पोरींनी नाव ठेवलं आणि आपल्या पोरीने बिचारीने ते झाकून घेतलं. तसं नव्हतं. तू पहिल्यांदा फाटकाशी आलीस, तेव्हा एकीने विचारलं, "ही कोण गं?" तू माझी आई आहेस हे कुणाला कळायच्या आत, "बघा, जंबो आली," असं मीच म्हणाले होते, आये.