कृपया लिफ्ट वापरू नये, स्केल बिघडते

सोमवार, ३ मार्च. सकाळ

पंप उघडला. इमारतीचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारा हा एकुलता एक पंप बरेच दिवस खडखडत होता. मी नुसता आवाज ऐकून निदान केलं होतं: आतलं पितळी बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीचं कडं, झिजलं आहे. सेक्रेटरी मेकॅनिकला बोलावून बाजारातलं तयार बुश बसवणार होते. मी त्यांना समजावलं की तयार बुश म्हणजे तयार शर्ट, कुठेतरी ढगळ व्हायचंच. माझ्या गॅरेजमध्ये लेथ मशीन आहे, त्याला आता डिजिटल रीडआउट बसवलाय, केसाच्या दहाव्या हिश्शापर्यंत माप दाखवतो. संध्याकाळच्या आत बुश तयार. सेक्रेटरींनी विचारलं, नक्की ना? मी नुसता हसलो.

जुनं बुश काढताना त्याचे दोन तुकडे झाले. हरकत नाही. तुकडे जुळवूनही माप घेता येतं.

सोमवार, संध्याकाळ

झालं नाही. दोष माझा नाही.

लेथवर पितळेचा तुकडा गरागरा फिरतो आणि हत्यार त्याला सोलत जातं. हत्यार किती आत गेलं ते एका काचेच्या पट्टीवरून वाचलं जातं. तिला स्केल म्हणतात. आकडा पडद्यावर लाल अक्षरांत येतो. पडदा म्हणाला अजून अर्धा मिलिमीटर काढ, मी काढला. पंपात घालून पाहिलं तर धाकट्याने थोरल्याचा शर्ट घालावा तसं, नुसतं डुलतंय. परत गॅरेजमध्ये आलो आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं: हँडलला हात लावला नाही तरी आकडा पळतोय. नवीन स्केल, महिनासुद्धा झालेला नाही. सगळी नोकरी ऑडिटमध्ये काढली, आणि निवृत्त झाल्यावर आकड्याने गंडवावं!

ठराव: सकाळ-संध्याकाळ स्केलला तेल द्यायचं आणि कॉम्प्रेसरची हवा मारायची. ते मी पहिल्या दिवसापासून करतोच. आता जास्त करीन.

रात्री आमची ही तळमजल्याच्या टाकीतून दोन बादल्या घेऊन वर आली. बादल्या ठेवल्या आणि पुन्हा खाली गेली.

मंगळवार, ४ मार्च

तेल दिलं, हवा मारली. स्केल थोडा वेळ सुतासारखी सरळ. मग आकडा अडकला, आणि अडकलेला एकदम तीन मिलिमीटर उडी मारून पुढे गेला. दुसरं बुश गेलं.

विचार केला. आकडा उडाला तेव्हाच लिफ्ट वर जात होती. एवढी मोठी मोटर सुरू झाली की विजेत खळबळ होणार, नाजूक उपकरण गोंधळणार. शास्त्र आहे. प्रत्येक मजल्यावर चिठ्ठी लावली: कृपया लिफ्ट वापरू नये, स्केल बिघडते. खाली सही केली, हुद्दा लिहिला, तांत्रिक सल्लागार. हुद्दा मला कोणी दिलेला नाही, पण नाकारलेलाही नाही.

लोक आता बादल्या घेऊन जिन्याने चढताहेत. सगळा जिना ओला. चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई दर मजल्यावर थांबून माझ्या गॅरेजच्या दिशेने बघतात. त्यांच्या गुडघ्याला व्यायाम हवाच होता.

लिफ्ट बंद असतानाही आकडा उडाला. म्हणजे शेजारच्या इमारतीची लिफ्ट असणार.

बुधवार, ५ मार्च. सकाळ

भांडण. दुसऱ्या मजल्यावरचे वकील बनियनवर गॅरेजमध्ये आले. त्यांना कोर्टात जायचं होतं आणि अंगाला साबण लागलेला होता. म्हणाले, साहेब, बुश राहू द्या, निदान पंप तरी होता तसा जोडून आम्हाला परत द्या. मी पंपाचं बुश आणि पंप यांचा संबंध समजावू लागलो, तेवढ्यात साबण त्यांच्या डोळ्यात गेला. मागून सेक्रेटरी आले. आवाज चढवला नाही, हेच वाईट. म्हणाले, आज दुपारपर्यंत झालं तर ठीक, नाही तर आम्ही आमचं बघू.

ते गेल्यावर लेथला हात जोडले. हे फक्त इथेच लिहितो.

बुधवार, दुपार

तिसरं बुश. आकडा स्थिर होता म्हणून विश्वास ठेवला, तर तो स्थिर नव्हता, मेला होता. हत्यार आत चाललंय आणि पडदा ढिम्म. पितळेचा पापड झाला. कॉम्प्रेसर फुल करून स्केलच्या फटीत असा वारा घातला की कॅलेंडर भिंतीवरून पडलं.

सेक्रेटरींना तोंड कसं दाखवायचं? दाखवलंच नाही. गॅरेजचं शटर अर्धं ओढून बसलो. ही जेवण घेऊन आली, म्हणाली, तुम्ही करा शांतपणे, मी बघते. काय बघते ते सांगितलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

मोठाच बदल. एकही तक्रार नाही! सेक्रेटरी स्वतः येऊन म्हणाले, तुमचं चालू द्या, घाई नाही. पंपाच्या खोलीला त्यांनी कुलूपही लावलं आहे. माझं काम होईपर्यंत कोणी नवख्याने हात लावू नये म्हणून असणार. समजूतदार माणूस. शेवटी धीर धरणाऱ्याचाच विजय होतो.

जिना कोरडा आहे. लोक न सांडता पाणी न्यायला शिकले. वकील कार धूत होते, मला बघून पाइप पाठीमागे लपवला. संकटात पाण्याची उधळपट्टी केल्याची लाज वाटली असेल. मी मोठ्या मनाने पुढे गेलो.

दडपण कमी झाल्यावर डोकं चालतं. रीडआउटला दोन स्केल असतात, एक आडवी, एक उभी. दोघींच्या प्लगची अदलाबदल केली. बिघाड पडद्यात असता तर त्याच जागी राहिला असता. तो स्केलबरोबर दुसऱ्या जागी गेला. म्हणजे पडदा निर्दोष, वायर निर्दोष, शेजारची लिफ्टही निर्दोष. गुन्हेगार ती काचेची पट्टीच. हिला जेवताना हे सगळं समजावलं. ही म्हणाली, वा. घरातला नळ अजून कोरडाच. माझ्यासाठी बादली मात्र काठोकाठ भरलेली. बिचारी किती खेपा घालते.

शुक्रवार, ७ मार्च

स्केलच्या कंपनीला फोन. एक मुलगी होती, आवाजावरून नवीनच लागलेली. म्हणाली, सर, तुम्ही स्केलवर एअर गन तर मारत नाही ना? मी अभिमानाने सांगितलं, दिवसातून दोनदा, वर तेलही. मग म्हणाली, सर, हवेने तेल आणि पितळेची भुकटी स्केलच्या फटीवरच्या रबराच्या ओठांतून आत ढकलली जाते, काचेवरच्या मापाच्या रेघा झाकल्या जातात. मी विचारलं, मग रबराचे ओठ इतके ढिले का बनवता? वरिष्ठांना फोन द्यायला सांगितला तर वरिष्ठही तेच म्हणाले. एकमेकांना सांभाळून घेतात.

तरीही उद्या स्केल उघडून पाहीन. तिने सांगितलं म्हणून नव्हे, माझा तोच विचार चालला होता.

शनिवार, ८ मार्च

उघडली. काचेवर तेल-पितळेचा लेप, शिऱ्यावर तुपाचा थर बसावा तसा. कंपनी असली घाणेरडी काच पाठवते! मऊ कापड स्पिरिटमध्ये बुडवून एकाच दिशेने, श्वास रोखून पुसली. एक ओरखडा आणि सगळं संपलं असतं. स्क्रू पुन्हा कसताना घाम नाकाच्या शेंड्यावर आला, तो काचेवर पडू नये म्हणून मान वाकडी करून बसलो.

मशीन सुरू केलं. हँडल हललं तेव्हाच आकडा हलला, थांबलं तेव्हा थांबला. शून्यावर आणला, शून्यावर आला. हळूहळू शेवटचा काप घेतला. मायक्रोमीटर लावला. तंतोतंत. पुन्हा लावला. तंतोतंत!

मला एकदम रडू आलं. गॅरेजमध्ये कोणी नव्हतं. बुश गरम होतं तरी मुठीत धरून ठेवलं. उद्या सकाळी बसवणार. भाषण थोडक्यात करीन.

रविवार, ९ मार्च

सेक्रेटरींना कुलूप उघडायला सांगितलं. ते टाळत होते. शेवटी उघडलं. पंप चालू होता. मऊ, एकसारखा आवाज, खडखड नाही.

मेकॅनिक बुधवारी संध्याकाळीच येऊन गेला होता. बाजारातलं तयार बुश. बसवायला फार वेळ लागला नाही म्हणे. कुलूप का, विचारलं, तर सेक्रेटरी खाली बघत म्हणाले, तुम्ही तपासायला पुन्हा उघडला असता. सगळ्या इमारतीला माहीत होतं. शिक्षिकाबाईंनासुद्धा. कोणालाही मला सांगायचं नाही, असं हिने प्रत्येक दारी जाऊन विनवलं होतं. मी जिन्यात दिसलो की ही आमच्या घरचा पाण्याचा कॉक बंद करायची.

मी म्हटलं, माझं बुश जास्त अचूक आहे, अदलाबदल करून पाहू. सेक्रेटरींनी किल्ली खिशात घातली.

घरी आलो. ओरडायचं ठरवलं होतं. हिने माझे काळे हात पाहिले आणि कॉक उघडला. नळ आधी खोकला, मग धो धो वाहिला. हात धूत असतानाच विचारलं, का सांगितलं नाहीस? ही टॉवेल धरून उभी होती. म्हणाली, निवृत्त झाल्यापासून तुम्ही दुपारपर्यंत पायजम्यातच बसायचात, खिडकीकडे बघत. हा आठवडा रोज आठला दाढी करून, शर्ट घालून खाली गेलात. जेवताना बोलत होतात. मला वाटलं, चालू दे अजून थोडे दिवस.

मी म्हटलं, स्केल आता उत्तम चालते आहे. ही म्हणाली, हो, तुम्ही दुरुस्त केलीत ना.

बुश टेबलावर आहे. मापात आहे. उद्या सोमवार. आठ वाजता शर्ट घालीन म्हणतो. मग कुठे जायचं ते ठरायचं आहे.