डावा गाल उजेडाकडे

दि. ४ ऑक्टोबर, शनिवार, दुपार

ती. दादास,
नमस्कार.

पाकीट उलटून पुन्हा पत्ता वाचू नकोस. पत्र तुलाच आहे आणि मीच लिहितेय, वरच्या मजल्यावरची तुझी बहीण. चष्मा लाव आणि नीट बस.

तुझ्या लेकीनं इथं संप पुकारलाय. म्हणाली, "आत्या, लहानपणापासून तुमच्या दोघांचे निरोप मी जिन्यावरून वर-खाली नेले. बाबांना सांग मोटर बंद करा, आत्याला सांग गॅसवाला आलाय. आता मी नोकरी करते, हमाली नाही. सुखरूप पोचलीस हे कळवायचं असेल तर स्वतःच्या हातानं लिही." तर पोचले. पोचून नऊ दिवस झाले. विमानात कान दुखले, बाकी काही त्रास नाही.

जागा सुरेख आहे. मधून नदी जाते, तिच्यावर सात पूल आहेत, त्यातले सहा मी चालून आले. एक घड्याळाचा मनोरा आहे, तो पाच मिनिटं मागं चालतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. आम्हा आठ जणांना एक छोटी बस रोज दोन तास फिरवून आणते. सगळे टोपी आणि काळा चष्मा घालून बसतात. वाट दाखवणारी पोरगी बोलघेवडी आहे, पण ती कितीही विनोद करो, कुणी हसत नाही. हसू आलंच तर ओठ दाबून खिडकीबाहेर बघतात. शिस्तीची माणसं असावीत.

तुझी लेक मला तळहातावरच्या फोडासारखी जपते. मऊ भात, पातळ सूप, चावायला म्हणून काही देत नाही. फोन करणार होते, पण घसा बसलाय.

तू माझे जुने फोटो तिला पाठवलेस, ते मिळाले. त्याबद्दल पुढं केव्हातरी.

मागच्या दाराची कडी लावत जा. वरच्या कुंड्यांना पाणी घालायला सांगत नाही, पण घातलंस तर बरं होईल.

तुझी,
वरच्या मजल्यावरची


दि. १३ ऑक्टोबर, सोमवार, सकाळ

प्रिय दादा,

घसा बसला नव्हता.

मागच्या पत्रात इतक्या थापा मारल्या की परवा तुझं उत्तर आल्यावर मलाच लाज वाटली. चार ओळींचं उत्तर, त्यातल्या तीन कुंड्यांबद्दल. मोगऱ्याला कळ्या आल्या, जास्वंदीवर कीड पडली, तिला तू राख घातलीस. आणि चौथी ओळ, "ऊन लागू देऊ नकोस." म्हणजे तुला कळलंय की काय? कळलं असेल तर तू तसा गप्पच बसणार, तो तुझा स्वभाव आहे. पण मला ते माझ्या तोंडून सांगायचंय, म्हणून पुन्हा लिहायला बसले.

मी इथं फिरायला आले नाही. मी माझा गाल दुरुस्त करून घ्यायला आले. पाच वर्षांची असताना उकळत्या पाण्याचं पातेलं अंगावर ओढून घेतलं, तो डाग. डोळ्याखालून हनुवटीपर्यंत, ओठाचा कोपरा खाली खेचणारा. तुझी लेक ज्या इस्पितळात नर्स आहे, तिथल्या डॉक्टरीणबाई हेच काम करतात. लेकीनं दोन वर्षं माझा पिच्छा पुरवला. मी म्हणायची, "त्रेपन्नाव्या वर्षी कुणाला दाखवायचाय चेहरा?" ती म्हणाली, "आत्या, दाखवायचा नाही. तुला पोटभर हसता यावं एवढंच." तुझी पोरगी फार गुणाची आहे दादा. वहिनी असती तर तिनं हिची दृष्ट काढली असती.

तर ती बस म्हणजे आमची टाके घातलेल्यांची सहल होती. कुणाचं नाक, कुणाच्या पापण्या, एका आजोबांचे कान. जखमा भरेपर्यंत माणसानं खोलीत कुढत बसू नये म्हणून इस्पितळच फिरवतं. हसलं की टाके ओढतात, म्हणून सगळे गंभीर. एकदा मात्र घोटाळा झाला. संग्रहालयात जुन्या दगडी पुतळ्यांचं दालन आहे आणि निम्म्या पुतळ्यांची नाकं उडालेली. माझ्या शेजारी नाकावर पट्टी बांधलेल्या बाई उभ्या होत्या. त्या एकेका पुतळ्यासमोर थांबून, स्वतःच्या पट्टीला हात लावून, "अरेरे, यांना आपली डॉक्टरीण भेटली नाही," म्हणायला लागल्या. त्या त्यांच्या भाषेत बोलत होत्या, पण मला अक्षर न् अक्षर समजलं. आम्ही दोघी एकमेकींना धरून, ओठ मिटून, डोळ्यांतून पाणी काढत हसलो. पहारेकऱ्याला वाटलं आम्हाला पुतळ्यांचं दुःख झालंय. त्यानं खुर्च्या आणून दिल्या.

आणि पुलावर एका फिरत्या फोटोवाल्यानं आमचा सगळ्यांचा फोटो काढला. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि माझी मान आपोआप वळली, डावा गाल मागं. गालावर तर वीतभर पट्टी होती, दिसण्यासारखं काही नव्हतंच. तरी मान वळली. तुझ्या स्टुडिओत स्टुलावर बसताना वळायची तशीच.

आता फोटोंबद्दल.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, डाग पडण्याआधीचा फोटो आहे का? पाच वर्षांच्या पोरीचा फोटो त्यांना काय कामाचा! मग तुझ्या लेकीनं मला न विचारता तुला कळवलं. वाढदिवसाचं भेटकार्ड करायचंय अशी थाप मारून, हेही ती आता कबूल करते. तीन दिवसांत कुरिअरनं तुझं पाकीट आलं. दोन्ही बाजूंना पुठ्ठा, वर तुझ्या ठसठशीत अक्षरात "वाकवू नये". आत बटर पेपरात दोन फोटो.

पहिला तोच. ज्याची प्रत मी फाडली तो. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून तू डाग घालवलास तो. तीस वर्षांनी पाहिला.

डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाच्या काचेवर ठेवला, भिंग घेतलं आणि डाव्या गालावरून दोनदा फिरवलं. मग तुझ्या लेकीला म्हणाल्या, "हे कुणी केलं?" लेक म्हणाली, "माझ्या वडिलांनी." त्या म्हणाल्या, "फोटोवाले सहसा गाल गुळगुळीत करून टाकतात, नाहीतर चांगल्या गालाची नक्कल उतरवतात. यांनी तसं केलेलं नाही. हसताना डाव्या बाजूला सुरकुती कुठं पडली असती, ते यांनी विचार करून काढलंय. ज्यानं हा चेहरा वर्षानुवर्षं पाहिलाय त्यालाच हे जमेल." आणि त्यांनी त्या सुरकुतीवर पातळ कागद ठेवून रेघ उतरवून घेतली. शस्त्रक्रियेच्या सकाळी तीच रेघ त्यांनी माझ्या गालावर निळ्या शाईनं काढली. टाके त्याच रेघेवर घातलेत दादा. चौदा.

दुसरा फोटो मी आधी ओळखलाच नाही. त्याच दिवशीचा, त्याच स्टुलावरचा, पेन्सिल लावण्याआधीचा. डागासकट. पहिला अगदी कोरा करकरीत आणि हा मात्र कडा झिजलेला, कोपरे गोल झालेले, मधे एक घडी. मी लेकीला विचारलं, याची ही दशा कशी झाली? ती म्हणाली, "अगं, हा बाबांच्या खिशातल्या पाकिटातला. कायम असतो. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांच्या पाकिटात आत्याचा फोटो असतो."

तेव्हापासून एक गोष्ट सांगायची राहतेय, ती लिहून टाकते. मधेच थांबले तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

ते स्थळ बघायला आलं, मुलाच्या आईनं माझ्याकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं आणि "फोटोतली मुलगी कुठाय?" असं विचारलं. आपले बाबा खाली मान घालून बसले. तू दारात उभा होतास. मी तो फोटो सगळ्यांदेखत फाडला आणि तुला म्हटलं, "तुला माझी लाज वाटते, म्हणून तू मला पुसलंस. यापुढं माझ्याशी बोलायचं नाही." तू एवढंच म्हणालास, "चुकलं माझं." दुसऱ्या दिवसापासून मी स्टुडिओचं काउंटर सोडलं आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले. तिथं चेहरा लागत नव्हता, नुसता आवाज पुरत होता. गावभर सगळ्यांशी गोड बोलले, फक्त तुझ्याशी नाही.

पण दादा, मी तो फोटो आधीच पाहिला होता. डार्करूममध्ये तू तो दोरीला चिमट्यानं वाळत लावला होतास. माझ्यासाठी केलेला, वाढदिवसाला द्यायचा म्हणून. सोळाव्या वर्षी मीच तुझ्यामागं लागले होते ना, "एकदा मला डागाशिवाय कशी दिसेन ते बघायचंय"? आठ वर्षांनी तुझा हात तेवढा तयार झाला आणि तू ते केलंस. मी दार लावून घेतलं आणि लाल दिव्यात त्या मुलीकडं बघत उभी राहिले. मला ती फार आवडली. संध्याकाळी बाबांनी तो स्थळाकडं पाठवायला पाकिटात घातला. तू लग्नाचे फोटो काढायला परगावी गेला होतास. पाकिटं चिकटवायचं काम माझं होतं. मी तेही चिकटवलं. डिंक नीट लावून, वरून हात फिरवून. वाटलं, कदाचित चालून जाईल.

पाठवला बाबांनी, चिकटवला मी आणि दोष घेतलास तू. तीस वर्षं तू तो खाली मान घालून घेतलास. मला एकदाही विचारलं नाहीस, की तुझ्या हातातून गेलेलं पाकीट तुला दिसलं नाही का? मी वाईट वागले, दादा. मला माफ कर. त्या दिवशी जे वाक्य तू म्हटलंस, ते माझं होतं. चुकलं माझं.

काल टाके काढले. डाग गेला, असं नाही म्हणता येणार. एक बारीक गुलाबी रेघ राहील, वर्षभरात आणखी पुसट होईल म्हणतात. पण ओठाचा कोपरा सुटलाय. डॉक्टरीणबाईंनी आरसा हातात दिला आणि म्हणाल्या, आता हळूच हसा. मी हसले आणि डाव्या बाजूला ती सुरकुती पडली. तू काढली होतीस तिथंच. तुझी लेक तिथल्या तिथं रडायला लागली. मग मीच तिला गप्प केलं. एकीकडून रडत, एकीकडून हसत, बघण्यासारखं ध्यान झालं असेल माझं.

मला या सगळ्यांचे किती आभार मानावेत कळत नाही. डॉक्टरीणबाईंचे तर मानलेच. त्या म्हणाल्या, निम्मं काम आधीच झालेलं होतं. म्हणून उरलेले निम्मे आभार तुला पाठवतेय, ते घे. कुंड्यांबद्दलचेही घे.

मी दोन नोव्हेंबरला, रविवारी सकाळी पोचेन. स्टुडिओचं शटर किती वर्षं उघडलं नाहीस मला माहीत आहे, तेवढं तेल घालून ठेव. स्टुलावरची धूळ पूस. कॅमेऱ्याला फिल्म मिळते का बघ. ऊन टाळायला सांगितलंय, पण तुझ्या त्या उत्तरेच्या खिडकीतून ऊन कधीच येत नाही, नुसता उजेड येतो. सोमवारी दहा वाजता मी खाली येईन, जिन्यावरून हाका मारत, कुणाकडून निरोप न धाडता.

यावेळी डावा गाल उजेडाकडे करून बसणार आहे. तू फक्त बटण दाब. पेन्सिल लागणार नाही. आणि ती प्रत वाळली की खिशातल्या पाकिटात, जुन्या फोटोच्या रिकाम्या जागी ठेव.

तुझीच, पाकीट चिकटवणारी,
धाकटी