सुंतेचा घोडा

गुरुजी, मला नातू झाला. सांगलीच्या दवाखान्यात, परवा पहाटे. तुम्ही असता तर आधी जन्मवेळ विचारली असती आणि कुणी सांगितलेलं नसताना मुसलमानाच्या पोराची पत्रिका मांडत बसला असता. ते राहू दे. सध्या आमच्याकडे दुसरंच शास्त्र चाललंय. डॉक्टरीणबाई सकाळी खाटेपाशी आल्या आणि सहज म्हणाल्या, सुंता करायची असेल तर घरी जायच्या आत करून घ्या, या वयात जखम लवकर भरते. नको असेल तर तसं सांगा, तब्येतीसाठी करायलाच हवी असं काही नाही. एवढं बोलून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. आमच्या खाटेभोवती मात्र वादसभा भरली.

पूर्वपक्ष आमच्या हिनं, म्हणजे नव्या आजीनं मांडला. "करून टाका. दुपट्यातलं पोर, त्याला काय आठवतंय?" मुलगा कुपवाडच्या कारखान्यातली पाळी संपवून तसाच आलेला, हाताला अजून ऑइलचा वास. तो म्हणाला, "अंग त्याचं हाय, अम्मा. मोठा झाला की त्यालाच इचारू." "व्हय, आन् दूध कवा प्यायचं तेबी त्यालाच इचार. दुपटं बदलू का म्हणून अर्ज दे त्याला!" शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसली. मग मुलगा हळूच म्हणाला, "मला आठवतंय, अम्मा." त्याची सुंता माझ्यासारखीच कळत्या वयात झाली होती आणि हिनं दाराआड उभं राहून त्याचं ओरडणं ऐकलं होतं. "मलाबी आठवतंय रं," ती म्हणाली, "म्हणून तर आत्ता म्हणतीया." गुरुजी, एकाच किंकाळीपासून निघून दोन माणसं अगदी उलट्या टोकांना पोचतात, आणि दोघंही मायेपोटीच, हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं.  

मला तुमची कराडची पडवी आणि तिथला संस्कृतचा वर्ग दिसायला लागला. मी आठ वर्षांचा आहे. त्याच आठवड्यात तुमच्या पुतण्याची मुंज झालीय आणि माझी सुंता. त्याच्या भिक्षावळीला आणि माझ्या मिरवणुकीला घोडा एकच, मलकापूरच्या टांगेवाल्याचा पांढरा. पुतण्या डोक्याचा गोटा करून आलाय, मी लुंगी पुढे धरून, पाय फाकवत. मला मांडी घालता येत नाही. पोरं खिदळतात. तुम्ही चष्म्यावरून एकदा बघता आणि म्हणता, "आजपासून सगळ्यांनी उभं राहून म्हणायचं." सबंध वर्ग उभा. माझी जखम भरेपर्यंत आम्ही 'रामः रामौ रामाः' उभ्यानं म्हटलं, आणि कारण तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. मग आम्हा दोघांना एकेक पेरू देऊन विचारलंत, "काय रे घोडेस्वारांनो, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" आम्ही माना हलवल्या. "नाही ना? मलाही नाही," म्हणालात, आणि जानव्याला अडकवलेल्या किल्लीनं कपाट उघडायला गेलात.

इकडे खाटेभोवती सगळे माझ्याकडे बघत होते. "तुमी सांगा, शिकल्यालं हायसा," ही म्हणाली. मी म्हटलं, "पोराच्या आईला कुणी विचारलं का?" सून कुशीवर पडली होती आणि सगळा वाद तिच्या अंगावरून चालला होता. ती म्हणाली, "आवं अब्बा, मी त्याला अजून पुरतं बघितलंबी न्हाई. टाके दुखत्यात, उठता येईना. तुमी सगळी काय काढायचं तेच बोलतायसा. काय काय हाय ते तरी एकदा दावा मला."

मग हिनंच दुपटं सोडलं. पायाची करंगळी, तिला तांदळाच्या कणीएवढं नख, आणि त्या नखालाही पांढरी कड. कानाची पाळी इतकी पातळ, की खिडकीचा उजेड तिच्यातून तांबूस होऊन येत होता. 'पूर्ण' हा शब्द मी वडूजच्या शाळेत संस्कृतच्या तासाला इतकी वर्षं शिकवतोय. त्याचा अर्थ तिथं उघडा पडला होता आणि त्याला थंडी वाजत होती. हिनं दुपटं पुन्हा गुंडाळलं. "ऱ्हाऊ दे आत्ता," म्हणाली, "आधी दूध पिऊ दे." मुलगा डॉक्टरीणबाईंना 'आत्ता नको' असं सांगून आला. आत्ता नको म्हणजे पुढं कधी, की कधीच नाही, यावर दोघं भांडतीलच. पण आता भांडायला सवड आहे.

हे पत्र व्याकरणाच्या पुस्तकात ठेवून देतो. तुम्ही सापडलात तर तिथंच सापडाल. एक मात्र घरात कुणाला बोललो नाही. माझं मत विचाराल, तर मत असं काही नाहीच. न्हावी, वस्तरा, जखमेवरची राख, सगळं आठवतं. पण त्याआधी मी घोड्यावर होतो, गळ्यात शेवंतीची माळ होती, आणि सगळी पेठ मान वर करून माझ्याकडे बघत होती. नातवाला तो घोडा मिळावा असं वाटतं, गुरुजी. नुसता घोडा.