घासलेली रायफल

लूइस्टाउन, मोंटाना

वर्ना,

अगं बाई, कुणी सांगितलं होतं तुला? एका वेळी एकच गोळी भरायची बाबांची ती जुनी रायफल तू माझ्या साठीला माझ्या कपाटातून गुपचूप नेऊन, घासूनपुसून, वार्निश मारून आणलीस! जुन्या बंदुकांच्या प्रदर्शनातले माझे संग्राहक मित्र टोप्या काढून तिच्यापुढे उभे राहिले, मयतापुढे राहावं तसे. जुन्या बंदुकीचा मळच तर जपायचा असतो गं, घासली की तिची किंमतच जाते! आणि दस्त्यावरचा तो काळपट डाग, बाबांचा गाल टेकून टेकून पडलेला? तोही गेला. मी रोज तिथे गाल टेकवायचो.

पण तुझा चेहरा बघून म्हणालो, "झकास झालीय!"

म्हणून आता शनिवारी तू बाबांच्या उरलेल्या दोन रायफलीही घासायला न्यायला येतेयस. बंदुकांच्या कपाटाचं कुलूप बदललंय. हे पत्रही त्याच कपाटात ठेवतोय.

तुझाच वैतागलेला भाऊ,
एल्डन