फुलांच्या रविवारी कुणीच आलं नाही

२ एप्रिल
डॅन्यूबकाठच्या विदिनला प्लामेनकडे आले ती दोन आठवड्यांसाठी. सात महिने झाले. प्रेम असंच असतं. येत्या सोमवारी वार्नाला निघायचं, नक्की. मैत्रीण रालित्साने तिथल्या समुद्रावरच्या हॉटेलात माझी वेट्रेसची जागा धरून ठेवलीय, पंधरा तारखेपर्यंत. फोनवर म्हणाली, नेवेना, ये गं बाई, का तिथेच मुळं फुटली तुला? प्लामेन शेजारीच होता. स्पीकर त्यानेच लावला.

५ एप्रिल, सकाळ
दवाखान्यातून पत्रक आणलं. 'तुमचं नातं सुरक्षित आहे का?' शेजारच्या स्टोयनाकाकूंसाठी आणलं, त्यांचा नवरा फार ओरडतो. म्हणजे टीव्हीवर, मॅच असली की. सहज स्वतःचं भरून पाहिलं.
तो तुमचा फोन तपासतो का? नाही. फोन त्याच्याकडेच असतो, तपासणार काय?
मैत्रिणींना भेटू देतो? देतो की. नंतर दोन दिवस बोलत नाही, एवढंच.
त्याची भीती वाटते? छे. पावलांवरून मूड कळतो, मग भीती कसली!
आयुष्यात पहिल्यांदा फर्स्ट क्लास.

८ एप्रिल
पत्रक त्याला सापडलं. दंड धरला फक्त. हातच मोठे आहेत त्याचे. डॅन्यूबवरच्या सगळ्याच कोळ्यांचे असतात. (एका कोळ्याने मला एकदा सर्बियापर्यंत फुकट नेलं होतं. काय दिवस होते!) लांब बाह्यांचा निळा ब्लाऊज मला शोभतो.
कालचा सोमवार राहिला. हा येतोय तो पक्का.

१२ एप्रिल
उद्या ईस्टरआधीचा फुलांचा रविवार, फुलांची नावं असलेल्यांचा सण. माझं नाव झेंडूचं, म्हणजे माझाही नामदिन. बोलावणं धाडायचं नसतं, ज्याला आठवण असेल तो येतो. प्लॅन: घर भरलं की सगळ्यांदेखत सांगायचं, उद्या वार्ना. चारचौघांत तो हसूनच बोलतो. अक्रोड भरून मोठा मासा भाजायचा. वीस माणसं धरलीयत.

१३ एप्रिल, दुपारी चार
कुणी नाही. मी मागे स्वयंपाकघरात. प्लामेन बिचारा सारखा फाटकापर्यंत जाऊन बघून येतो. म्हणाला, बघ, माझ्याशिवाय आहे कोण तुझं?

संध्याकाळी सहा
कुंपणापलीकडून स्टोयनाकाकूंची हाक. खिडकीत गेले. अगं पोरी, म्हणाल्या, मी तीनदा येऊन गेले! फाटकाशी ही रांग, फुलं घेऊन. प्लामेन म्हणाला, तापाने फणफणलीय, कुणी आत येऊ नका. आता कशी आहेस?
सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तोंड उघडलंसुद्धा. मागे प्लामेन येऊन उभा राहिला.
म्हटलं, हो काकू, आहे जरा ताप.
किती गं, त्यांनी विचारलं.
मी वळून प्लामेनला विचारलं.